मागचं चाक बांधलं, पुढचं तयारच ठेवलं

सायकलच्या चाकाची पहिली तार तुटली तेव्हा मला कळलंही नव्हतं. ऑफिसातून घरी येताना मागच्या चाकापाशी 'टंग' असा आवाज आला. खडा उडाला असेल असं समजून मी पुढे निघाले. दुसऱ्या दिवशी सकाळी ब्रेकचा रबर दर फेऱ्याला रिमला घासायला लागला. सायकल उलटी करून चाक फिरवलं, तेव्हा हबपाशी, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यापाशी, एक तार मोकळी लोंबताना दिसली. ती बदलली, आउट काढला (म्हणजे रिमचं डोलणं तारा कमी-जास्त आवळून घालवलं) आणि विषय संपला असं वाटलं. सहा आठवड्यांनी दुसरी तुटली, आणि नंतर बाराच दिवसांत तिसरी. तिन्ही एकाच जागी तुटल्या होत्या: हबच्या कडेतल्या भोकातून बाहेर येताना तार जिथे वळते, त्या कोपरात.

माझी सायकल एका गिअरची. पुढे ४४ दाते, मागे १६. जाऊन-येऊन रोजचे २२ किलोमीटर, त्यातला निम्मा रस्ता उखडलेला. चाकं सायकलबरोबरच आलेली, कारखान्यात तयार झालेली, प्रत्येकी ३२ तारांची. आठ महिन्यांत साधारण ४,००० किलोमीटर झाले होते. आता तसंच तयार चाक आणून बसवायचं, की हब, रिम, तारा सुट्या घेऊन हाताने बांधायचं, हा प्रश्न समोर आला. मी त्यावर दीड महिना घालवला. त्यात जे समजलं ते सविस्तर लिहून ठेवते आहे, कारण मी शोधत होते तेव्हा मला फक्त 'हाताने बांधलेलं ते हाताने बांधलेलं' एवढंच ऐकायला मिळत होतं, आणि तेवढ्याने माझं समाधान होत नव्हतं.

सुरुवातीला मला वाटलं, दोष माझ्या वजनाचा आणि त्या खड्ड्यांचा. मी ७४ किलोची, पाठीवर लॅपटॉप. मामाने तुटलेल्या तारा हातात घेतल्या, उजेडात धरल्या आणि म्हणाला, "अगं, ही ओढून तुटलेली नाही. हालून हालून तुटली आहे." मामाचं सगळं आयुष्य लेथवर गेलं. तुटलेल्या धातूचं तोंड बघून तो कारण सांगतो. ओढून तुटलेली तार टोकाशी निमुळती होते. माझ्या तारांची टोकं सपाट होती, अर्धा भाग गुळगुळीत, अर्धा खरबरीत. भेग एका बाजूने हळूहळू आत सरकत गेली होती, आणि उरलेला भाग एका दिवशी एकदम सुटला होता.

मग मी हिशोब केला. चाकाचा घेर सुमारे २.१ मीटर. ४,००० किलोमीटर म्हणजे जवळपास १९ लाख फेरे. दर फेऱ्याला प्रत्येक तार एकदा जमिनीच्या बाजूला येते आणि त्या क्षणी तिच्यातला ताण कमी होतो. हे मला आधी उलटं वाटायचं. वाटायचं की आपण वरच्या तारांना लटकलेलो असतो. प्रत्यक्षात सगळ्या तारा आधीच ताणलेल्या असतात. वजन आलं की खालच्या काही तारा थोड्या सैलावतात आणि बाकीच्या जवळजवळ तशाच राहतात. तारेत मुळात भरपूर ताण असेल, तर सैलावूनही ती ताणलेलीच राहते. मुळातच ताण कमी असेल, तर जमिनीशी येताच ती पूर्ण मोकळी होते आणि वर जाताना परत खेचली जाते. कोपर हबच्या भोकात हलतं. असं १९ लाख वेळा. शिवाय मोकळ्या झालेल्या तारेचं निपल (तिला रिमशी आवळून धरणारं छोटं नट) आपोआप उलटं फिरतं आणि ती आणखी सैल होते. घट्ट तार जास्त टिकते, हे पटायला मला बरेच दिवस लागले, पण चाकाबद्दल मला समजलेली सगळ्यात मोठी गोष्ट हीच.

मग कारखान्यातल्या चाकात ताण कमी का असतो? साध्या तयार चाकांचा आउट यंत्र काढतं. चाक पकडीत धरतात, संवेदक रिमचं आडवं आणि उभं डोलणं मोजतात आणि यंत्राच्या चाव्या निपलं फिरवतात. रिम सरळ झाली की चाक पुढे सरकतं. रिम सरळ करायला मात्र सगळ्या तारांत सारखा ताण असावाच लागतो असं नाही. शेजारच्या दोन तारा एकमेकींविरुद्ध ओढत असतील, एक खूप घट्ट आणि एक खूप सैल, तरीही रिम त्या जागी अगदी सरळ दिसू शकते. ताण वाढत जातो तसं निपल फिरवताना तार स्वतःच पिळली जाते, आणि ते पिळणं सोडवत बसायला वेळ लागतो. तेवढा वेळ स्वस्त चाकाला कुणी देत नाही. म्हणून ती सरळ असतात, सैल असतात आणि आतून विषम असतात. नवीन सायकलच्या पहिल्या फेरीत तारा 'टिंग टिंग' वाजतात, तो हे पिळणं सुटण्याचा आवाज असतो.

माझं पुढचं चाक त्याच कारखान्यातलं. त्याची एकही तार तुटली नव्हती, म्हणून ते मी कान लावून तपासलं. तार रिमच्या बाजूला, शेवटच्या छेदाच्या (तारा एकमेकींना ओलांडतात त्या जागेच्या) पलीकडे, नखाने छेडायची आणि फोनवरच्या वाद्य लावायच्या ॲपमध्ये स्वर बघायचा. सारख्या लांबीच्या, सारख्या जाडीच्या तारा असतील तर ही तुलना चांगली चालते. गणित असं, की कंपनसंख्या ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलते. एक तार दुसरीपेक्षा अर्ध्या स्वराने चढी असेल तर तिच्यात सुमारे १२ टक्के जास्त ताण आहे. पूर्ण स्वराने चढी असेल तर सुमारे २६ टक्के. माझ्या पुढच्या चाकात सगळ्यात उतरलेली आणि सगळ्यात चढलेली तार यांच्यात चार अर्धस्वरांचं अंतर निघालं. म्हणजे एकीत दुसरीच्या दीडपटीहून जास्त ताण. आणि ही कथा एकही तार न तुटलेल्या, डोळ्यांना सरळ दिसणाऱ्या चाकाची.

इथे एका गिअरच्या सायकलची एक मोठी सोय आहे, आणि तिच्याबद्दल पुरेसं बोललं जात नाही असं मला वाटतं. आठ-दहा चकत्यांचा गिअर असलेल्या मागच्या चाकात त्या चकत्यांना जागा द्यायला हबची उजवी कड आत सरकवावी लागते. उजव्या तारा जवळजवळ उभ्या राहतात आणि डाव्या जास्त तिरक्या. रिम मध्यभागी राहावी म्हणून उजव्या तारा खूप घट्ट कराव्या लागतात आणि डाव्यांमध्ये त्याच्या निम्मा किंवा थोडा जास्त ताण उरतो. असं चाक कितीही चांगलं बांधलं तरी त्याची डावी बाजू कायम कमी ताणावर जगते. एका गिअरच्या हबला हे बंधन नाही. दोन्ही बाजूंना दाते बसवता येतात अशा दुतोंडी हबच्या दोन्ही कडा मध्यापासून सारख्या अंतरावर असतात. दोन्हीकडच्या तारा एकाच लांबीच्या, एकाच कोनाच्या, एकाच ताणाच्या. चाक म्हणून याहून सुबक रचना नाही. ही सोय रचनेतच मिळालेली असताना तारा सैल ठेवून ती वाया घालवणं मला फार जिवाला लागलं, आणि मागचं चाक हाताने बांधायचं ठरलं ते याच कारणाने.

यात एक सावधगिरी आहे. गिअरच्या सायकलची एका गिअरची सायकल करताना बरेचजण जुनंच चाक ठेवतात आणि हबवर एकच चकती व बाकी पोकळ कड्या भरतात. ते चालतं, पण तारांचा तो असमतोल तसाच राहतो. आणि हब घेताना मागच्या चिमट्यातलं, म्हणजे चाक धरणाऱ्या दोन दांड्यांमधलं, अंतर आधी मोजायला हवं: ट्रॅकच्या पद्धतीचं १२० मिलिमीटर, रिम ब्रेकच्या रस्त्याच्या गिअरवाल्या सायकलींत बहुतेक १३०, जुन्या डोंगरी सायकलींत १३५. माझी १२०ची.

आणखी एक समजूत मी सगळीकडे ऐकली: एका गिअरवर चढ चढताना उभं राहून जोर लावावा लागतो, म्हणून मागच्या चाकाला जास्त पीळ (फिरवणारा जोर) बसतो. पेडलवरचा जोर जास्त असतो हे खरं. चाकाला मिळणारा पीळ मात्र पेडलच्या पिळाला गिअरच्या प्रमाणाने भागून येतो, आणि माझं प्रमाण २.७५ आहे. गिअरवाला तोच चढ एकास एकच्या आसपास चढतो. त्याच चढावर, त्याच वेगाने, तेवढ्याच वजनाला वर न्यायला चाकापाशी दोघांनाही सारखाच पीळ लागतो. म्हणून 'एका गिअरला खास मजबूत चाक लागतं' हे कारण मी हिशोबात धरलं नाही. फिक्स्ड गिअर (चाकाबरोबर पेडलही सतत फिरतं असा) चालवणारे पायांनी चाक रोखतात, तेव्हा पीळ उलट दिशेनेही बसतो. त्यांनी तारांचे छेद आणि दात्यांची चकती सुटू न देणारी डाव्या आट्याची लॉकरिंग या दोन्ही गोष्टी गांभीर्याने घ्यायला हव्यात. मी फ्रीव्हीलवर चालवते, पेडल थांबवलं तरी चाक फिरत राहतं.

सामानाबद्दल थोडक्यात. ३६ भोकांचा दुतोंडी हब, सीलबंद बेअरिंगचा. दुहेरी भिंतीची रिम. पितळी निपलं, कारण ॲल्युमिनियमची निपलं काही ग्रॅम वाचवतात पण गंजून तारेशी चिकटतात. आणि तारा स्टेनलेसच्या, दोन्ही टोकांना २ मिलिमीटर आणि मध्ये १.८. मध्ये बारीक तार घेतली म्हणून चाक कमकुवत होईल अशी मला भीती होती. होतं उलट. बारीक भाग थोडा जास्त ताणला जातो, त्यामुळे धक्का बसल्यावर तार इतक्या लवकर पूर्ण सैल होत नाही आणि कोपराला आराम मिळतो. तार तुटते कोपरात किंवा आट्यापाशी. मधला भाग जाड ठेवून काहीच मिळत नाही.

तारांची लांबी काढणं हा सगळ्यात आनंदाचा भाग होता. रिमच्या आत तारेचं टोक जिथपर्यंत पोचतं तो व्यास प्रत्यक्ष मोजला: दोन जुन्या तारा कापून, निपलं लावून, समोरासमोरच्या भोकांतून ओढून. सहा ठिकाणी मोजून सरासरी ६०२ मिलिमीटर आली. हबच्या भोकांच्या वर्तुळाचा व्यास ६३, मध्यापासून कडेचं अंतर ३५. ३६ तारा आणि तीन छेद म्हणजे कोन बरोबर ६० अंश, त्याचा कोसाइन अर्धा, त्यामुळे सगळं कागदावर सुटतं. ३०१ चा वर्ग, ३१.५ चा वर्ग, ३५ चा वर्ग यांची बेरीज, त्यातून ३०१ गुणिले ३१.५ वजा, त्याचं वर्गमूळ, आणि त्यातून हबमधल्या तारेच्या भोकाची त्रिज्या वजा. उत्तर आलं २८७.४. तारा घेतल्या २८७च्या, सगळ्या ३६ एकाच मापाच्या. गिअरच्या चाकाला दोन मापं लागली असती.

तीन छेद का, याचं उत्तर जुनं आहे. आधीच्या चाकांत तारा हबमधून सरळ किरणांसारख्या निघायच्या आणि पेडल मारल्यावर हब आधी थोडा वळायचा, रिम मागून. जेम्स स्टार्लीने १८७४ मध्ये हबच्या कडेला स्पर्शिकेसारख्या निघणाऱ्या तारांचं पेटंट घेतलं. आपण आज मागच्या चाकात बघतो ती मांडणी तिथूनच आलेली.

बांधायला तीन संध्याकाळी गेल्या. पहिली पूर्ण वाया गेली. नऊ-नऊ तारांचे चार गट असतात; पहिला गट व्हॉल्व्हच्या भोकाच्या ज्या बाजूने सुरू करायला हवा, त्याच्या दुसऱ्या बाजूने मी सुरू केला. सगळ्या ३६ तारा भरून झाल्यावर दिसलं की व्हॉल्व्ह बरोबर दोन तिरक्या तारांच्या बेचक्यात येतो आहे. तिथे पंपाचं तोंड अडकतं. चाक चाललं असतं, पण रोज हवा भरताना ते डोळ्यांना टोचलं असतं. सगळं सोडवलं. दुसऱ्या दिवशी व्हॉल्व्ह दोन समांतर तारांमध्ये आला. बाहेरची प्रत्येक तार पहिल्या दोन छेदांवरून आणि तिसऱ्याच्या खालून घातली, आट्यांना जवसाच्या तेलाचा थेंब लावला, आणि सगळी निपलं आटे दिसेनासे होईपर्यंत सारखी फिरवली.

त्यानंतरचं काम संयमाचं आहे. निपलच्या एका पूर्ण फेऱ्याने तार सुमारे ०.४५ मिलिमीटर ओढली जाते. आधी सगळ्यांना अर्धा फेरा, मग पाव, पाव. वर-खाली उडणं आधी काढायचं, आडवा आउट नंतर, कारण ताण चढल्यावर उभा दोष हलत नाही. ताण वाढला की चावी पाव फेरा जास्त फिरवून तेवढीच मागे आणायची, म्हणजे तारेतला पीळ सुटतो. चाक सायकलच्याच चिमट्यात लावलं होतं, पट्टीचे दोन तुकडे बांधून. रिम मध्यभागी आहे का हे बघायला वेगळं साधन लागलं नाही: चाक काढून डावं-उजवं उलटं करून परत बसवायचं. पट्टीपासूनचं अंतर तेवढंच राहिलं तर रिम मधोमध आहे. दुतोंडी हब असल्यामुळेच हे इतकं सोपं झालं.

तिसऱ्या संध्याकाळी मामा आला. जाड हातमोजे घालून त्याने समांतर तारांच्या जोड्या मुठीत धरून जोराने आवळायला सुरुवात केली. मी म्हणाले, "मामा, अरे तुटतील." तो म्हणाला, "आता तुटली तर बरंच. पण तुटणार नाही." तार वाकवताना कोपरात काही ताण अडकून राहिलेला असतो. थोडा वेळ जास्त ओढ दिली की धातू तिथे किंचित बसतो आणि तो अडकलेला ताण निघून जातो. कारखान्याच्या साध्या चाकांत ही पायरी बहुधा गाळलेली असते, आणि माझ्या मते तारांच्या आयुष्याला सगळ्यात मोठा फरक हिनेच पडतो. आवळल्यावर आउट थोडा परत आला. काढला, परत आवळलं. तिसऱ्यांदा आवळल्यावर रिम जागची हलली नाही. एका मैत्रिणीकडून ताण मोजायचं यंत्र आणलं होतं. दोन्हीकडे सरासरी ११० किलो, आणि कानाला सगळ्या तारा अर्ध्या स्वराच्या आत. ३६ तारांचा ताण मिळून जवळपास चार टन होतो. एवढं सगळं त्या हलक्या कड्यात स्थिर बसून आहे, याचं मला अजून अप्रूप आहे. पहिल्या फेरीत एकही 'टिंग' ऐकू आला नाही.

मग पुढचं चाक का नाही बांधलं? कारण गरज नव्हती. पुढच्या चाकावर वजनाचा लहान वाटा येतो, साधारण शंभरातले चाळीस, आणि ते मुळातच सममित असतं. हब चांगला, रिम सरळ, तारा साध्या स्टेनलेसच्या, निपलं पितळी. सामान ठीकच होतं. काम अर्धं राहिलं होतं. दोन तास घालून सगळ्या तारा एका स्वरात आणल्या, ताण वाढवला, जोड्या आवळल्या. कुणी मला आज विचारलं की तयार घेऊ की बांधून घेऊ, तर माझं पहिलं उत्तर हेच: साध्या तारांचं, ३२ किंवा ३६ भोकांचं तयार चाक घे आणि वापरण्याआधी त्याचं उरलेलं काम पूर्ण कर किंवा करून घे. सुटं सामान घेतलं तर बहुधा तयार चाकापेक्षा जास्त पैसे जातात, आणि वजन कमी, अंतर थोडं, रस्ता चांगला असेल तर तो खर्च चाकात दिसणारही नाही. मागचं चाक रोज मार खात असेल, तर मात्र बांधावं. दुसऱ्याकडून बांधून घेताना दोन प्रश्न विचारावेत: ताण किती ठेवणार, आणि तारा आवळणार का. हाताने बांधलेलं वाईट चाकही असतं, आणि ते यंत्राच्या चाकापेक्षा वाईट असतं.

उंच रिमची, वीस-चोवीस तारांची, देखणी तयार चाकं मला रोजच्या सायकलवर नको वाटतात. तिथे एक तार तुटली तरी रिम इतकी कलते की टायर चिमट्याला घासतो, आणि तार त्याच कंपनीची, त्याच घाटाची लागते. ३६ तारांत एक गेली तर शेजारच्या दोन थोड्या सैल करून घरी येता येतं.

चौदा महिने, ७,००० किलोमीटरच्या आसपास झाले. पहिल्या ३०० किलोमीटरनंतर एकदा चावी लावली होती, पाव फेरा, दोन तारांना. तेवढंच.

जुनं मागचं चाक आता भाचीच्या सायकलसाठी सोडवते आहे. हब चांगला आहे. फ्रीव्हील आधी काढून ठेवलं, कारण तारा कापल्या की रिमचा आधार जातो आणि पेडलने वर्षभर घट्ट केलेलं फ्रीव्हील नुसत्या हबवरून सुटता सुटत नाही. नव्या तारा जुन्याच दिशेने घालायच्या आहेत, भोकांवर आधीच्या तारांचे खड्डे पडलेत म्हणून. ३२ भोकं आणि तीन छेद, म्हणजे कोन ६७.५ अंश, यावेळी कोसाइनसाठी कॅल्क्युलेटर लागेल. माझ्या चाकात रिमटेपच्या आत एक चिठ्ठी चिकटवली आहे: ६०२, २८७, ३६, तीन छेद, ११० किलो, तारीख. भाचीच्या चाकातही तशीच ठेवणार आहे, तिच्याच अक्षरात.